उताऱ्यात नाही ते

पुतणीने कॅनडासाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी सुरू केली आणि आमच्या कोल्हापूरच्या घरातली संध्याकाळ उताऱ्यांच्या ताब्यात गेली. तिची परीक्षा जनरल ट्रेनिंगची, म्हणजे परदेशात कामाला किंवा राहायला जाणाऱ्यांची. वाचनाला 60 मिनिटं, प्रश्न 40, आणि कागदावर दिली तर उत्तरं उतरवून काढायला वेगळा वेळ नाही. उतारेही रोजच्या जगण्यातले : जिमची जाहिरात, बसचं वेळापत्रक, भाडेकरूंसाठी सूचना, ऑफिसातले रजेचे नियम. मी घड्याळ लावून समोर बसतो, ती वाचते, आणि आई मटार सोलत कान देऊन ऐकते.

परवा मोबाइलवरून घरपोच दूध मागवायचा उतारा निघाला. रात्री दहाच्या आत ऑर्डर द्या, सकाळी सातच्या आत बाटल्या दारात. पुतणीने आज्जीला तो मराठीत सांगितला आणि प्रश्न टाकला : 'या कंपनीचं दूध ताजं असतं.' ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन?

"फॉल्स," आई म्हणाली. "बाटलीतलं ते ताजं कसलं? गंगावेशीत कट्ट्यावर म्हस समोर पिळत्यात, गलासातला फेस बसायच्या आत तोंडाला लावायचं. त्याला म्हणायचं ताजं."

"आज्जी, पण उताऱ्यात तसं दिलंय का?"

"उताऱ्यात कशाला पायजे? मी प्यालोय की!"

मग पुतणीने नियम सांगितला. उताऱ्यात उलट लिहिलं असेल तर फॉल्स. काहीच लिहिलं नसेल तर नॉट गिव्हन. आपल्याला काय ठाऊक आहे ते चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवायचं. आईला ते पटेना. खरं सांगायचं तर मलाही जड गेलं. आमच्या वेळी इंग्रजीच्या पेपरात उताऱ्याखाली एक प्रश्न 'तुमचं मत लिहा' असा यायचा, आणि पेठेतल्या पोरांचे निम्मे मार्क त्यावरच निघायचे. व्याकरण लंगडं असायचं, पण मत ठणठणीत. इथे मत दिलं की मार्क गेला.

पुतणी हुशार आहे, तरी तीही घसरलीच. जिमच्या जाहिरातीत एवढंच होतं, की शनिवार-रविवारी सभासद एक पाहुणा आणू शकतात. विधान होतं : 'पाहुण्याला पैसे पडत नाहीत.' तिने बिनधास्त ट्रू लिहिलं. उत्तर नॉट गिव्हन. असं का लिहिलंस म्हणून विचारलं तर म्हणाली, "काका, पाहुण्याकडून कोण पैसे घेतंय?" तिचे आजोबा तालमीत जायचे. तिथे आलेल्या पाहुण्याला वर थंडाई पाजून पाठवायचे, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. ती वाचत होती इंग्रजी, पण उत्तर आलं ते तालमीतून. मी चूक म्हणून लाल पेनाने फुली मारली, पण हात जरा रेंगाळलाच.

आता पंधरा दिवस झालेत. तिच्या चुका कमी होताहेत. विधान वाचलं की बोट उताऱ्यावर ठेवते, ओळ सापडली तरच बोलते. आई अजून दुधावर अडलेली आहे; पण शब्द मात्र तिने उचललाय.

काल शेजारच्या वहिनी आल्या. चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं झालं आणि मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "पोरगी एवढ्या लांब जाणार म्हणताय, मग लग्नाचं काय ठरवलंय?"

आईने मटाराची शेंग फोडली, दाणे ताटात पाडले आणि मान वर न करता म्हणाली, "नाट गिवन."