आत्याचे हात

आज एमएच्या वर्गात मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, शिकायला सुरुवात झाली आणि माझं पेन मध्येच थांबलं. मॅडम सांगत होत्या, नको असलेला विचार पुन्हा पुन्हा मनात घुसतो, जीव कासावीस होतो आणि ती घालमेल शमवायला माणूस तीच ती कृती करत राहतो. रोज तासाभराहून जास्त वेळ यात जात असेल किंवा रोजचं जगणंच अडत असेल, तर निदानाचा विचार करायचा. २०१३च्या डीएसएम-५ने, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेने, याला चिंताविकारांतून काढून वेगळं प्रकरण दिलं.

मला मात्र आत्याचे हात दिसत होते. पाण्याने पांढरे पडलेले, पेरांवर चिरा गेलेल्या. तांब्या घासायची, विसळायची, पालथा घालायची आणि परत उचलायची. आम्ही पोरं मोजायचो. मोठी माणसं म्हणायची, "फार सोवळं बाई हिचं!" एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "स्वच्छ झालाय, कळतं गं मला. पण मन ऐकत नाही." तेव्हा काही समजलं नव्हतं.

भीतीला हळूहळू सामोरं जायचं आणि धुणं रोखायचं, ही वाट मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६मध्येच दाखवली होती. त्यातून घडलेले उपचार आजही देतात, गरज असेल तर गोळ्यांसोबत. आत्याला कुणी नेलंच नाही. हा आजार आहे असं कुणाला वाटलंच नाही.

संध्याकाळी तिला फोन केला. "रविवारी येते, निवांत बोलू," म्हटलं. "ये गं," म्हणाली. मागे नळ चालू होता.