थोरल्या भावाची पालखी

वारी म्हणलं की लोकांना आळंदी आणि देहूच आठवतं. नाशिकमधे राहणाऱ्या कितीतरी जणांनी मला विचारलं की अगं मग पुण्याला कधी निघणार. तर आपल्या त्र्यंबकेश्वरहून संत निवृत्तीनाथांची पालखी निघते, ज्येष्ठ पौर्णिमेच्या आसपास, आणि सातपूर, नाशिक, सिन्नर, राहुरी, नगर, करमाळा असं करत आषाढीला पंढरपूरला पोचते, चालणं साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. आळंदीच्या मानाने लोक कमी असतात, टीव्हीवर फार दाखवत नाहीत, पण मला जायचं होतं ते ह्याच पालखीत, दुसऱ्या कुठल्या नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, गेल्या नवरात्रात गेले. पंचवटीत त्यांचं टेलरिंगचं छोटं दुकान, शर्ट-पॅन्टचं काम, आणि दिवाळीच्या आधीचा महिना म्हणजे त्यांना डबा उघडायला पण फुरसत नसायची. नेमकं तेव्हाच. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले आणि दुपारपर्यंत सगळं संपलं होतं. दहावा रामकुंडावर केला, अस्थी पण तिथेच. देशभरातून लोक अस्थी घेऊन रामकुंडावर येतात, लहानपणापासून त्यांना बघत आलोय, भाजी घ्यायला जाताना बाजूने निघून जायचो. आपण त्या पायऱ्यांवर भाऊबहिणीला धरून उभं असलो की ती जागा वेगळीच दिसते.

दुकानात कापून ठेवलेले कपडे तसेच राहिले. प्रत्येकाला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी टाचलेली, नानांच्या अक्षरात.

घरात मी थोरली. भाऊ इंजिनिअरिंगला, बहीण बारावीला, मी अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघते. भेटायला येणारा प्रत्येक माणूस डोक्यावर हात ठेवून एकच म्हणायचा, आता तूच नानांच्या जागी. आणि मी ते मनावर घेतलं. मृत्यूचा दाखला, त्याच्या झेरॉक्स, बँकेतलं नॉमिनीचं, लाईटचं मीटर कुणाच्या नावावर करायचं ते, सगळं मी केलं. भाऊ रात्री उशिरा आला की नाना जसे दारातच विचारायचे तसं विचारायला लागले, त्याच आवाजात, जेवताना त्यांच्याच पाटावर बसायला लागले. रडले मात्र नाही, वेळच नव्हता आणि नानांच्या जागी बसलेल्या माणसाने रडायचं कसं. दुकानाचं भाडं दर महिन्याला भरत होतो आणि शटर कोणी उघडत नव्हतं. आईपुढे विषय काढला की ती उठून आत जायची. नानांचे कारागीर, काका म्हणतो आम्ही त्यांना, माझ्या जन्माच्या आधीपासून त्यांच्याबरोबर होते, ते दुसरीकडे नगावर काम करायला लागले होते.

शेजारच्या मावशी दरवर्षी नाथांच्या पालखीत जातात, त्यांच्या दिंडीत मी नाव दिलं, भिशी म्हणजे वाटेतल्या जेवणाखाणाची वर्गणी भरली. आत्या फोनवर चिडलीच, म्हणाली वर्षाच्या आत यात्रा करत नाहीत, वर्षश्राद्ध होऊ दे मग कुठे जायचं तिथे जा. तिचंही चूक नाही, भाऊ गेलाय तिचा, रीत सोडली की तिला अजून लागतं. पण कित्येक महिने घरातल्या कुठल्याच निर्णयात न बोललेली माझी आई तेवढं बोलली, जाऊ दे तिला. ऑफिसमधे बिनपगारी रजा टाकली.

प्रस्थानाच्या दिवशी त्र्यंबकला बारीक पाऊस होता. कुशावर्तावर पादुकांना स्नान, मग चांदीचा रथ, आणि एकच गजर, निवृत्ती ज्ञानदेव सोपान मुक्ताबाई. चौघं भावंडं, थोरल्याचं नाव पहिलं. अंजनेरी ढगात होती, महिरावणी येईपर्यंत नवीन चपलेने पाय सोलला. आणि मग स्वतःच्याच गावात दिंडीतून शिरायचं, हे मला फार जड गेलं. ज्या रस्त्याने रोज कंपनीची बस पकडते तिथे लोक केळी आणि चहा घेऊन उभे होते आणि एक आजोबा माझ्या पाया पडले, माझ्या वडिलांपेक्षा मोठे. वारीत असंच असतं, कोण कुणाच्याही पाया पडतं, पण मला माहीत असूनही सुचेना. नाशिकच्या मुक्कामाला घरी जाऊन झोपता आलं असतं. नाही गेले. गेले असते तर परत निघाले नसते असं वाटतं.

नाशिकरोड, चेहेडीला दारणा ओलांडून पळसे, मग शिंदे आणि मोहदरीचा घाट. एरवी हा घाट गाडीतून कधी चढला कळतसुद्धा नाही. सिन्नरच्या मुक्कामाला पोचलो तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड. निफाडकडच्या एक आजी होत्या आमच्या तंबूत, त्या म्हणाल्या सुई-दोरा आहे का कुणाकडे, फोडातून दोरा ओवून ठेवला की पाणी निघून जातं. माझ्याकडे होता. नानांचा सुयांचा पत्र्याचा डबा मी निघताना पिशवीत टाकला होता, का टाकला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आजींनी माझे फोड बघितले, मी इतर दोघीतिघींचे, आणि मग कोणीतरी विचारलं की पोरी ह्या पिशवीचा बंद तुटलाय, टाका घालशील का.

तिथून ते सुरूच झालं. रोज संध्याकाळी हरिपाठ झाला की माझ्यापुढे काम. ब्लाऊजचे हुक, तुटलेले बंद, टाळांच्या दोऱ्या, एका काकांच्या सदऱ्याची काजं. काज करायला नानांनी मला चौथी-पाचवीत असताना शिकवलं होतं, शाळेतून दुकानात यायचे तेव्हा चिंध्यांवर करायला बसवायचे. टाके सारखे नाही आले तर ओरडायचे नाहीत, नुसतं उसवायचे आणि परत माझ्या हातात द्यायचे. हे मला आठवत होतं पण त्यांच्या जाण्यानंतर कधी ह्याच्या जवळच गेले नव्हते. दाखले, सह्या, हप्ते, फक्त तेच नाना माझ्याकडे उरले होते.

दातलीला रिंगण असतं. ते बघायला आसपासच्या गावांतून एवढी माणसं येतात की शेतं दिसत नाहीत. अश्व धावला की सगळे त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला पळतात, मी पण पळाले, फोड विसरून. त्या दिवशी वारा फार होता आणि आमच्या दिंडीतली एक पताका कडेने फाटली. संध्याकाळी विणेकरी बाबा ती घेऊन माझ्याकडे आले. मी दुमड घालून शिवायला बसले, लाईट नव्हती, निफाडच्या आजी मोबाईलची बॅटरी धरून बसल्या, आणि अर्ध्यात मला जे रडू फुटलं ते थांबेना. नवरात्रापासूनचं सगळं. आजींनी बॅटरी हलू दिली नाही. म्हणाल्या, रड पोरी, पण टाका ढिला सोडू नको.

पताका त्या रात्री पूर्ण केली. तीच पुढे पंढरपूरपर्यंत आली.

नाथांच्या समाधीची तिथी ज्येष्ठ वद्यातली, म्हणजे त्यांची पालखी वाटेत असतानाच येते. आम्ही तेव्हा नगर जिल्ह्यात होतो. कीर्तनात महाराजांनी भावंडांची सगळी गोष्ट लावली. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंना देहान्त प्रायश्चित्त, मुलांच्या मागे ना घर ना गोत. आपल्या त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी डोंगराच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला आणि चुकामुक झालेला निवृत्ती गहिनीनाथांच्या गुहेत शिरला असं सांगतात, तिथे जे मिळालं ते त्याने धाकट्याला दिलं, आणि त्या धाकट्याने 1290 साली नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली. पुढचं तर ऐकवत नाही. 1296 ला आळंदीत ज्ञानदेव, मग सासवडला सोपान, तापीकाठी मुक्ताई, तिन्ही धाकटी डोळ्यांदेखत गेली आणि शेवटी 1297 ला त्र्यंबकला थोरला. ज्ञानदेवांच्या समाधीच्या वेळचं निवृत्तीनाथांचं दुःख नामदेवरायांच्या अभंगांत आहे. इतका मोठा योगी आणि तो लपवत नाही.

महाराज एक वाक्य बोलले, की निवृत्तीनाथ भावंडांचे गुरू झाले पण त्यांचा बाप व्हायला गेले नाहीत, ते थोरले भाऊच राहिले. कीर्तनात सहज आलेलं वाक्य असेल, पण मी तिथेच अडकले, पुढचं कीर्तन मला आठवत नाही. इतके महिने मी नानांच्या पाटावर बसत होते आणि माझ्या भावाला बाप पण मिळत नव्हता आणि ताई पण. रात्री त्याला फोन केला. म्हणलं, उद्यापासून मी तुला दारात काही विचारणार नाही, नानांची जागा रिकामी आहे, ती तशीच राहू दे, मी ताई आहे तुझी. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ताई, मला नानांच्या दुकानाची चावी पाहिजे होती, मागायची भीती वाटत होती. अभ्यासाला तिथे जाऊन बसायचं होतं त्याला. एवढंच.

करमाळ्याकडचं ऊन, करकंबला पुन्हा पाऊस, वाखरी जवळ आली तशी वाढत जाणारी गर्दी, ते सगळं लिहित बसत नाही. पदस्पर्शाची रांग खूप लांब होती, आम्ही चंद्रभागेत स्नान केलं आणि कळसाचं दर्शन घेतलं. आत्यासाठी बुक्का आणला, तिने घेतला.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी आम्ही तिघं आणि आई दुकानात गेलो, काकांना बोलावून घेतलं. दुकान आता काका चालवणार, मशिनी आणि इस्त्रीचं टेबल तिथेच राहणार, भाड्यापुरतं ते आम्हाला देणार नाहीत तर थेट मालकाला देणार. आईने स्वतः जाळ्या काढल्या. पाटीवर नाव कोणाचं ठेवायचं ह्यावर काका आणि आई दोघंही हट्टाला पेटलेत, तो प्रश्न मी त्यांच्यावर सोडलाय.

कापून ठेवलेले कपडे काका एकेक करून शिवतायत. वहीतल्या नंबरवर मी फोन करते, बरेचसे लोक येऊन घेऊन गेले, काहींना नाना गेल्याचं तेव्हाच कळलं. थोडे नंबर लागत नाहीयेत. तर पंचवटी, मखमलाबाद, आडगाव भागातल्या कुणी मागच्या दिवाळीच्या आधी आमच्याकडे कापड टाकलं असेल तर दुकानात या, मापाची वही तिथेच आहे. अंगावर घालून बघा, सैल-घट्ट वाटलं तर काका लगेच करून देतील, शिलाईचे पैसे द्यायचे नाहीत.