बांगडीतली पिन

परवा दुपारी एका मुंजीला निघाले आणि ऐनवेळी घरात एक सेफ्टी पिन सापडेना. पदराच्या निऱ्या डाव्या हाताने खांद्यावर धरून उजव्या हाताने कपाट, खण, देवघरातली डबी, सगळं उपसलं. स्टेपलर सापडला. कधीची हरवलेली कानातल्याची फिरकी सापडली. पिन नाही.

आईकडे असं कधी झालं नाही, कारण पिना घरात नसतच. त्या आईच्या अंगावर असत. बांगडीत तीन-चार, एखादी मंगळसूत्रात. पोळ्या लाटताना बांगड्यांबरोबर त्याही किणकिणत. परकराची नाडी ओवायचीय, पायात काटा मोडलाय, शाळेच्या फ्रॉकला रुमाल लावायचाय, की आईचा हात पुढे ओढायचा आणि एक सोडवून घ्यायची.

न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट नावाच्या गृहस्थाने 1849 साली हिचं पेटंट घेतलं. म्हणे कुणाचे तरी 15 डॉलर देणं होतं, तेवढ्यासाठी सगळे हक्क 400 डॉलरला विकून मोकळा झाला. (आमच्या घराण्यात शोभला असता.) टोकाला टोपण, म्हणजे बोटाला टोचू नये. त्याची 'सेफ्टी' एवढीच. आईचा हिशेब वेगळा होता.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. स्वारगेटहून साताऱ्याची एसटी, लग्नसराई, मधल्या वाटेत माणसं खचाखच. मी खिडकीत, आई कडेला. खिडकी कायम माझी. माझे लाड म्हणून, असं मी कितीतरी वर्षं समजत होते. खंबाटकीच्या घाटात आईचा डोळा लागला होता, निदान मला तसं वाटलं. शेजारी उभा असलेला एक माणूस वळण नसतानाही तिच्या खांद्यावर रेलत होता. आईने डोळे न उघडता बांगडीशी काहीतरी चाळा केला. पुढच्या वळणाला तो "आय आय गं!" करून असा उडाला की कंडक्टरसुद्धा वळून बघायला लागला. आईने डोळे उघडले आणि अगदी काळजीने विचारलं, "काय झालं हो? लागलं का कुठे?"

तो साताऱ्यापर्यंत ड्रायव्हरच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. आईने पिन पदराला पुसली, बांगडीत अडकवली आणि पिशवीतून मला दशमी काढून दिली.

माझी लेक रात्री रिक्षात बसली की नंबर फोनवर मोठ्याने वाचते. बऱ्याचदा पलीकडे कुणीच नसतं. कानात दोन्ही बोंडं असतात, पण गाणं बंद. फोनला 2017 पासून पॅनिक बटण सक्तीचं झालंय, 112 आहे, सगळं तिला पाठ. तरी पर्समध्ये एक पिन ठेव म्हटलं, तर म्हणाली, "आई, धनुर्वात होईल गं त्याला!"

शेवटी आईलाच फोन लावला.

"पिना कुठे ठेवतेस गं हल्ली?"

"बांगडीत. आणि कुठे ठेवणार?"

अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. बाहेर पडते ती फार तर कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत. मुंजीला उशीर होत होता, तरी विचारलंच, "तो साताऱ्याच्या गाडीतला माणूस आठवतो?"

ती जरा थांबली. आठवून बघत असावी.

"कुठला गं?" म्हणाली. "एक का होता?"