उपग्रहाचा नकाशा खिशात घेऊन आंबोली आणि मेळघाट

फेब्रुवारीत चार दिवस आंबोली-दोडामार्ग, मार्चमध्ये पाच दिवस मेळघाट. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाच्या चित्रांवरून घरी बसून जंगलाचा जो नकाशा केला होता, तो पायी फिरून पडताळायचा होता. एकीकडे धो धो पावसाचं, बारमाही हिरवं रान आणि दुसरीकडे उन्हाळ्यात पार उघडं पडणारं सागाचं. नकाशा दोन्हीकडे फसला, पण फसण्याची तऱ्हा वेगळी.

पहिली सकाळ माझ्याच चुकीने गेली. वहीत अक्षांश 15 अंश 57 मिनिटं लिहिलेला, मी मोबाइलमध्ये टाकला 15.57. बिंदू चाळीसेक किलोमीटर दक्षिणेला सरकून थेट गोव्यात पडला! अंश-मिनिटं आणि दशांश यांची सरमिसळ घरीच निस्तरून निघा. आंबोलीच्या रानात रेंज शोधत बसायची वेळ येऊ देऊ नका.

आत शिरलं की अंजनी, जांभूळ, पिसा यांच्या दाटीत दुपारीही अंधारतं आणि मोबाइलचं जीपीएस दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे उड्या मारतं. चित्रातला एक चौकोन 10 मीटरचा, त्यामुळे तेवढाच तुकडा मोजण्यात अर्थ नाही. आम्ही एकसारख्या रानाच्या मधोमध 30 बाय 30 मीटरचे चौकोन आखले आणि प्रत्येक झाडाचा घेर 1.37 मीटर उंचीवर मोजला. दोरी नायलॉनची घ्या. सुतळी दवाने ओली झाली की आखडते.

हिरवेपणाचा निर्देशांक, म्हणजे एनडीव्हीआय, इतक्या दाट पानोऱ्यात जवळपास कमाल आकड्याला टेकतो. मग खाली झाडांच्या वीस जाती असोत की एकच, आकडा तोच. घाटाखाली दोडामार्गला हे पायाला कळलं. नोव्हेंबरच्या चित्रात जो पट्टा आंबोलीइतकाच गर्द दिसत होता, तिथे पाचोळा कुरकुरत होता आणि प्रत्येक खोडाला करवंटी बांधलेली. रबर! रबराची पानं जानेवारी-फेब्रुवारीत गळतात, रानाची तशी एकदम गळत नाहीत. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीची चित्रं शेजारी ठेवली असती तर हे घरीच दिसलं असतं. झाडांच्या उंचीवरूनही फार निष्कर्ष काढू नका. आंबोलीत वाऱ्याच्या माथ्यावर झाडं खुजी आहेत, जाती मात्र भरपूर.

मेळघाटात सगळं उलटं. बडनेऱ्याला उतरून परतवाड्यामार्गे सेमाडोह गाठलं, तेव्हा साग बराचसा उघडा झाला होता. मार्चच्या चित्रात एका नाल्याकाठी मस्त गडद हिरवा डाग होता. मी त्यावर 'दाट जंगल, प्राधान्य' अशी खूण केलेली. सोबतच्या वनरक्षकाने लांबूनच हात केला, "साहेब, हे त रायमुनिया हाय सारी." आपण जिला घाणेरी म्हणतो, तीच. नाल्याच्या ओलीवर तग धरलेली, कमरेच्या वर वाढलेली, आत पाऊल ठेवायला जागा नाही. सागावर पाला नसल्यामुळे उपग्रहाला नेमकी तीच दिसली. तण शोधायला हा महिना उत्तम आहे, हे मात्र त्या फजितीतून हाती लागलं. संध्याकाळी नकाशातल्या अशा आणखी डागांवर लाल खुणा केल्या आणि पुढचे दोन दिवस तेच तपासत हिंडलो.

व्याघ्रप्रकल्पात पायी फिरून मोजणी करायची तर वनविभागाची लेखी परवानगी लागते. अर्ज बराच आधी करा आणि तारखांना थोडी ढील ठेवा. वनरक्षकाशिवाय आत जाऊ नका, वाघ-अस्वलांमुळे आणि झाडांच्या नावांमुळेही. इथल्या कोरकू आदिवासींपैकी कुणी सोबत मिळाला तर फारच छान. सकाळी अकरापर्यंत काम उरका, नंतर ऊन उभं राहू देत नाही.

जून ते सप्टेंबर ढगांमुळे साध्या चित्रांचा फारसा उपयोग नाही. तेव्हा ढगांपार पाहणाऱ्या सेंटिनेल-1 च्या रडारकडे वळावं लागतं. दोन्हींची चित्रं फुकट आहेत, ती आधीच उतरवून घ्या.

आणखी एक. पावसाळ्याच्या शेवटाला अळी सागाच्या पानांची जाळी करते आणि चित्रात जंगल अवेळी वाळल्यासारखं दिसतं. ऑक्टोबरमध्ये कुणी सेमाडोहला जाणार असेल, तर वणवा किंवा तोड लिहिण्याआधी चार पानं तोडून उजेडात धरा.