बॉम्बे हायवरचा ॲसिड जॉब: तीन दिवसांचे सहा दिवस

उरणात वाढलेल्या माणसाला बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचं नाव नवीन नसतं. लहानपणी रात्री गच्चीवरून प्लांटच्या फ्लेअरची ज्वाळा दिसायची, आणि तेल-वायू समुद्रातून नळाने येतात एवढं माहीत होतं. त्या नळाच्या दुसऱ्या टोकाला मात्र मी वयाच्या ३४व्या वर्षी पोचलो, गेल्या फेब्रुवारीत. नऊ वर्षं लॅबमध्ये तेलविहिरीत सोडायची रसायनं तपासतोय, पण विहीर पाहिली नव्हती. साइटवरचा केमिस्ट आजारी पडला आणि साहेब म्हणाले, "तीन दिवसांचं काम आहे, जाऊन ये." तीनाचे सहा झाले. त्यात निम्मा दोष माझा. तोच सांगायला बसलोय, कारण लॅबमधून पहिल्यांदा बाहेर पडणारा प्रत्येक जण याच खड्ड्यात पडू शकतो.

काम काय असतं ते आधी. मुंबईपासून पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, 'सागर सम्राट' या रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये इथे तेल शोधलं, आणि १९७६ पासून ते निघतंय. मुख्य थर चुनखडीचा. विहीर वर्षानुवर्षं चालली की खडकाचं तोंड बुजतं: ड्रिलिंगच्या वेळचा चिखल, क्षार, मेण, कधी आपणच आधी ओतलेलं काहीतरी. विहिरीच्या भोवतीचा हातभर खडक बुजला तरी उत्पादन निम्म्यावर येऊ शकतं, कारण सगळं तेल शेवटी त्या हातभरातूनच आत येणार असतं. चुनखडीवर हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकलं की ती फसफसून विरघळते. शहाबादी लादीवर बाथरूमचं ॲसिड सांडून पाहिलंय तुम्ही. १५ टक्क्यांचं एक घनमीटर ॲसिड साधारण २२० किलो चुनखडी खातं. आमच्या जॉबला २० घनमीटर होतं, म्हणजे जवळजवळ साडेचार टन दगड. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण घनफळ काढलं तर दीड-पावणेदोन घनमीटर, म्हणजे गच्चीवरच्या दोन टाक्यांएवढं. गंमत अशी की ॲसिड हे सगळीकडून सारखं खात नाही. जिथे आधीच थोडी वाट असेल तिथे घुसतं आणि वाळवीसारखी बिळं करत पुढे जातं. ती बिळं बुजलेल्या भागाच्या पलीकडे गेली की काम झालं.

आता प्रवास. जुहूच्या हेलिबेसवर तुमचं आणि बॅगेचं वजन होतं, सुरक्षेचा व्हिडिओ दाखवतात, लाइफ जॅकेट चढवतात. हेलिकॉप्टर पाण्यात पडून उलटं झालं तर बाहेर कसं यायचं याचं प्रशिक्षण आणि मेडिकल, दोन्हीच्या तारखा जायच्या आठवडाभर आधी तपासा. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा फिटर मेडिकल चार दिवसांपूर्वी संपलं म्हणून तिथूनच परत गेला. दाढी घरीच काढा. श्वासाचा मास्क दाढीवर घट्ट बसत नाही, आणि विषारी वायूच्या जागी ती फट जीव घेऊ शकते. चष्मा असेल तर नंबरचे सेफ्टी गॉगल आधी बनवून घ्या. मी चष्म्यावर गॉगल चढवून सहा दिवस धुक्यात काढले. मोबाईल डेकवर वापरता येत नाही, तेव्हा हिशोबाला साधा कॅल्क्युलेटर आणि कागदी वही न्या. कपडे सुती, आणि बोट लागण्याची गोळी उलटी सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर नाही.

पाऊण-एक तासात प्लॅटफॉर्म. तिथून आमच्या स्टिम्युलेशन जहाजावर (विहिरीत ॲसिड सोडणाऱ्या) जायचं ते क्रेनला टांगलेल्या बास्केटने. बॅगा मधे, माणसं बाहेरच्या कडेवर उभी, दोरांमध्ये हात अडकवून. उतरताना गुडघे किंचित वाकवून ठेवा. जहाजाचा डेक लाटेबरोबर वर येतो आणि तळपायावर दणका देतो. ताठ उभे राहाल तर कंबर धराल. मी धरली.

जहाजावर पंप, ब्लेंडर, रबराचं अस्तर असलेल्या ॲसिडच्या टाक्या. ३२ टक्क्यांचं ॲसिड न्हावा बेसवरून भरून येतं आणि जहाजावर पातळ करतात. एक घनमीटर १५ टक्क्यांचं हवं तर ३२ टक्क्यांचं साधारण ४३५ लिटर लागतं. आधी पाणी, मग ॲसिड, हा क्रम शाळेत शिकलो तोच. हायड्रोमीटरवर १.०७५ दिसलं की १५ टक्के समजायचं, पण इनहिबिटर (ॲसिडपासून पोलाद वाचवणारं रसायन) वगैरे घालायच्या आधी मोजा आणि शिवाय टायट्रेशन करा. माझा आकडा १४.८ आला, खूश झालो. ती खुशी संध्याकाळपर्यंत टिकली.

आमचे पंप ऑपरेटर देवगडचे, निवृत्तीला आलेले, सगळे त्यांना काका म्हणतात. ते म्हणाले, "केमिस्ट, ताज्या तेलावर बाटली केलीस का?" मी म्हटलं, लॅबमध्ये केलीय, रिपोर्ट आहे. "रिपोर्ट विहिरीत सोडायचाय का?"

बाटली म्हणजे सुसंगतता चाचणी. अर्धं ॲसिड, अर्धं कच्चं तेल, हलवायचं, गरम पाण्यात अर्धा तास ठेवायचं आणि १०० मेशच्या जाळीतून ओतायचं. तेल वर, ॲसिड खाली स्वच्छ वेगळं झालं आणि जाळीवर काही राहिलं नाही तर पास. लॅबमध्ये अगदी तसंच झालं होतं. इथे मी वेलहेडवरून, म्हणजे विहिरीच्या वरच्या तोंडावरून, ताजं तेल घेतलं आणि ॲसिड घेतलं ते टाकीतून नाही, तर प्लॅटफॉर्मकडे जाणाऱ्या लाइनच्या टोकाकडून, कारण काका तिथेच उभे होते. ॲसिड पिवळसर दिसलं, तिकडे मी दुर्लक्ष केलं. अर्ध्या तासाने बाटलीत कडक चहासारखा एकजीव रंग होता, थर नाहीच. जाळीवर ओतलं तर काळे, चिकट गोळे राहिले. नखाने दाबले तर डांबरासारखे ताणले गेले, आणि झायलीन या द्रावकाचे दोन थेंब टाकूनही पूर्ण विरघळले नाहीत.

काका एवढंच म्हणाले, "विहीर उघडायला आलो असतो आणि बूच मारून गेलो असतो."

पिवळा रंग लोखंडाचा होता. लाइनमध्ये गंज होता आणि ॲसिड त्यात बराच वेळ उभं राहिलं होतं. फेरिक लोह आणि ॲसिड एकत्र आले की तेलातलं अस्फाल्टीन, म्हणजे डांबरासारखा जड भाग, गाठी धरतं; त्या खडकाच्या छिद्रांत बसल्या की काढणं महाकठीण. शिवाय ॲसिड खर्ची पडून पीएच २च्या वर सरकला की फेरिक लोह स्वतःच लालसर चिखल होऊन खाली बसतं. हे सगळं मला पाठ होतं. तरी लॅबमधल्या चाचणीत मी लोह घातलंच नव्हतं, आणि तेलाचा नमुना चार महिने डब्यात पडलेला होता. स्वच्छ काचेत, शिळ्या तेलावर केलेला तो रिपोर्ट म्हणजे फोटो पाहून पत्रिका जुळवणं.

पुढची रात्र बाटल्यांतच गेली. प्रत्येकीत फेरिक क्लोराइड मुद्दाम घालून अँटिस्लज (तेलात गाठी होऊ न देणारं) आणि लोह आवरणारं रसायन वाढवत गेलो. दुसरं जे वापरतो ते एरिथॉर्बिक ॲसिड, व्हिटॅमिन सीचं जुळं भावंड म्हणावं असं. ते फेरिकचं फेरस करतं, आणि फेरस तेवढं त्रास देत नाही. जोडीला सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्व. पहाटे चारला सातव्या बाटलीत तेल आणि ॲसिड स्वच्छ वेगळं झालं. हिशोब केला तर अँटिस्लज दुप्पट लागत होतं आणि जहाजावर मोजून-मापून आणलेले दोनच ड्रम. न्हावाहून बोट यायला दीड दिवस. म्हणून सांगतो: अँटिस्लज, डिमल्सिफायर (तेल-पाणी वेगळं करणारं) आणि इनहिबिटर हिशोबाच्या किमान दीडपट चढवा. उरलेला ड्रम परत नेता येतो.

त्या दीड दिवसात करण्यासारखं फार नव्हतं. फ्लेअरच्या उजेडात रात्री डेकवर वाचता येतं, आणि जहाजाच्या दिव्याखाली मासे इतके येतात की आमच्या करंजाच्या नाखवांनी कपाळाला हात लावला असता, कारण प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरपर्यंत मासेमारीला बंदी. काकांना मी या धंद्याचा इतिहास सांगितला. १८९६ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या लायमा इथे हर्मन फ्रॅश याने विहिरीत हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडण्याचं पेटंट घेतलं. तेल वाढलं, पण ॲसिडने पाइपही खाल्ले आणि पद्धत ३० हून जास्त वर्षं बाजूला पडली. १९३२ मध्ये मिशिगनमध्ये डाऊ कंपनीने ॲसिडमध्ये आर्सेनिक घालून पोलाद वाचवलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आता आर्सेनिकऐवजी सेंद्रिय इनहिबिटर असतात. काका म्हणाले, "म्हणजे ॲसिड सोपं, बाकीचं कठीण." नऊ वर्षांत मला एवढ्या कमी शब्दांत सांगता आलं नव्हतं. एक लक्षात ठेवा: इनहिबिटर गंज थांबवत नाही, पुढे ढकलतो. खालचं तापमान उकळत्या पाण्याच्या वर आहे, तिथे त्याचे तास मोजलेले असतात. पंप बंद पडला तर पहिला प्रश्न "ॲसिड किती वेळ उभं आहे" हाच.

ड्रम आले, आणि आधी पिकलिंग. लोणच्याशी संबंध नाही; थोडं सौम्य ॲसिड ट्यूबिंगमध्ये, म्हणजे विहिरीतल्या नळीत, फिरवून, खडकात न जाऊ देता, परत वर आणायचं म्हणजे नळीतला गंज निघून येतो. परतलेल्या ॲसिडच्या थेंबावर पोटॅशियम थायोसायनेट टाकलं तर कोकमाच्या आगळासारखा लाल झाला. हा लाल रंग खडकात जाणार होता. या वेळी वारा कुठून आहे ते बघत राहा. जुन्या नळीत आयर्न सल्फाइडची काळी पापडी असेल तर ॲसिड लागताच हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्याचा वास आला तर पळा, आणि वास अचानक गेला म्हणून थांबू नका. वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं. भरवसा छातीवरच्या डिटेक्टरवर.

मुख्य जॉब सकाळी ९ वाजता. परमिट, टूलबॉक्स टॉक, लाइनची प्रेशर टेस्ट. आधी झायलीन, म्हणजे तेल आणि ॲसिडच्या मधे गादी, मग ॲसिड, मिनिटाला २ बॅरल. ट्यूबिंग साधारण ३८ बॅरलची, म्हणजे ॲसिड १९व्या मिनिटाला तळाला पोचणार. माझं सगळं लक्ष दाबाच्या चार्टवर. १४०० पीएसआयवर सरळ रेघ. २१व्या मिनिटाला ती हलली, १३६०, १२९०, आणि पाच मिनिटांत ११०० च्या खाली. तोच पंप, तोच वेग, पण खडक वाट देत होता. काकांनी हातातला चहा खाली ठेवला. प्रेशर पडलं तर मोहात पडून वेग फार वाढवू नये. खडक फुटण्याच्या दाबाखाली राहायचं, नाहीतर एकच भेग पडते आणि सगळं ॲसिड तिथून निसटतं. तसंही ॲसिड सोप्या वाटेनेच जातं, म्हणून मधे डायव्हर्टर सोडतो. आमचा होता घट्ट होणाऱ्या ॲसिडचा: दगड खात गेला की स्वतःच जेलीसारखा होतो आणि ती वाट अडवतो. तो खडकावर पोचला तेव्हा प्रेशर अडीचशेने चढलं, थोडं थांबलं, आणि पुन्हा उतरू लागलं, म्हणजे ॲसिड आता दुसऱ्या थरात शिरत होतं.

एक गोष्ट वाळूच्या खडकात काम केलेल्यांसाठी. अंकलेश्वरकडच्या सवयीने इथे हायड्रोफ्लोरिक ॲसिड मागू नका. वाळूत ते चिकणमाती खातं, पण चुनखडीत त्याचं कॅल्शियम फ्लोराइड होऊन खडक बुजतो. आणि ते कुठेही हाताळणार असाल तर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल खिशात हवं, दवाखान्याच्या कपाटात नाही.

पंपिंग झाल्यावर खर्ची ॲसिड आत झोपू द्यायचं नाही. आमची विहीर गॅस लिफ्टवर होती, म्हणजे आत वायू सोडून तेल वर आणायचं; दोन तासांत वायू सोडून ती परत सुरू केली. पहिल्या नमुन्यात फेस, काळपट पाणी, पीएच पट्टीवर १. सेपरेटरकडे (तेल, वायू, पाणी वेगळं करणाऱ्या टाकीकडे) जाण्याआधी सोडा ॲशने उदासीन करण्याची सोय लावून घ्या, नाहीतर प्रोसेसवाले तुम्हाला जेवण देणार नाहीत, आणि बरोबरच करतील. मी दर अर्ध्या तासाला बाटली भरत होतो. रात्री ११ वाजता पीएच ४ आला, पहाटे पीएच ५ आणि तेल दिसायला लागलं. सकाळच्या नमुन्यात तेल वर आणि पाणी खाली, मधली रेघ सुरीने कापल्यासारखी. जाळीवर काही नाही.

धुक्यामुळे हेलिकॉप्टर आणखी एक दिवस उशिरा आलं, तेव्हा परतीनंतरचा एक दिवस मोकळा ठेवूनच निघा. उतरल्यावर आधी लॅबमध्ये गेलो आणि चाचणीच्या फॉर्मवर दोन रकाने वाढवले: तेलाचा नमुना किती दिवसांचा, लोह किती घातलं. काळ्या गोळ्यांची ती जाळी बॅगेतून आणलीय. नवीन मुलगा रुजू झाला की त्याला ती दाखवतो, आणि झायलीनची बाटली पुढे करून म्हणतो, साफ करून दाखव.