आमची वाटचाल : पसरणी घाटाच्या पायथ्याशी क्वाडच्या कार्बोरेटरचे काम

वाई येथील आमच्या गॅरेजची सुरुवात वडिलांनी दुचाकींच्या दुरुस्तीतून केली. त्या काळी आमच्या भागात चेतक स्कूटर भरपूर होत्या, आणि त्यांचा स्पाको कार्बोरेटर (पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणारा भाग) उघडून जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्राचे तुकडे) साफ करणे, फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पिन तपासणे व आयडलिंग लावून देणे हे आमचे रोजचे काम होते. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराचे बीएस-६ निकष लागू झाले, नव्या दुचाकींत कार्बोरेटरच्या जागी फ्यूएल इंजेक्शन आले आणि कार्बोरेटरवर हात बसलेल्या कारागिरांचे काम कमी होत गेले. आमच्याकडे मात्र तोपर्यंत पाचगणी-महाबळेश्वरकडील रिसॉर्टमालकांचे क्वाड, म्हणजे हँडलबार असलेल्या चारचाकी गाड्या, येऊ लागले होते. रस्त्यावर न चालणारी, खासगी आवारातील मातीच्या ट्रॅकवर फिरणारी ही वाहने बहुतांश कार्बोरेटरचीच होती, आणि वडिलांकडून शिकलेली विद्या तेथे पूर्णपणे उपयोगी पडली.

येणारी तक्रार बहुधा एकच असे. गाडी कोकणात उत्तम चालत होती. वर आणल्यापासून काळा धूर सोडते, पिकअप घेत नाही आणि प्लग वारंवार काळे होतात. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, तर पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर आहे, आणि त्या उंचीवरील हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा साधारण १२ टक्के विरळ असते. हवा विरळ झाली तरी जेटमधून ओढले जाणारे पेट्रोल त्याच प्रमाणात घटत नाही, त्यामुळे मिश्रण सुमारे ६ टक्क्यांनी रिच होते, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होते. केहिन कंपनीच्या मेन जेटवरचा (पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल देणाऱ्या जेटवरचा) आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो. किनाऱ्यावर १६०चा जेट बरोबर बसत असेल, तर पाचगणीत साधारण १५५चा लागतो. मिकुनीच्या षट्कोनी जेटवरचा आकडा प्रवाहाच्या मोजमापावर आधारलेला असल्याने या दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांच्या जागी धरता येत नाहीत. विरळ हवेमुळे इंजिनाची जी ताकद कमी होते, ती कोणताही जेट परत आणत नाही, हे आम्ही काम हाती घेण्यापूर्वीच ग्राहकाला सांगतो.

पुढे काही हौशी मालक आयात केलेले ४०० सीसीचे स्पोर्ट क्वाड घेऊन येऊ लागले. त्यांना मूळ कार्बोरेटर काढून उच्च क्षमतेचा हवा होता. यामाहाने २००४च्या वायएफझेड ४५० या क्वाडला कारखान्यातूनच ३९ मिलिमीटरचा केहिन एफसीआर हा फ्लॅट-स्लाइड कार्बोरेटर दिला होता, आणि त्याची कीर्ती या मंडळींपर्यंत पोचलेली होती. क्वाडवर मुळात अनेकदा सीव्ही प्रकारचा कार्बोरेटर असतो. त्यात थ्रॉटलची केबल फक्त बटरफ्लाय (हवेच्या वाटेतील झडप) उघडते आणि स्लाइड (हवेची वाट कमी-जास्त करणारा सरकता भाग) इंजिनाच्या व्हॅक्यूममुळे डायफ्रॅमच्या (पातळ पडद्याच्या) आधाराने वर जाते. चाल मऊ मिळते, पण अंगठ्याने थ्रॉटल दाबल्यावर इंजिन किंचित उशिरा प्रतिसाद देते. फ्लॅट-स्लाइड कार्बोरेटरमध्ये केबल थेट स्लाइडच उचलते. स्लाइड एकदम उघडली की हवा तत्काळ धावते आणि पेट्रोल मागे पडते. ही उणीव भरून काढण्यासाठी ॲक्सिलरेटर पंप त्याच क्षणी पेट्रोलची बारीक धार सोडतो. तो पंप किती उशिरा सुरू व्हावा आणि किती वेळ चालावा, हे लावण्यात आमचा सर्वाधिक वेळ जातो, आणि तसाच वेळ द्यायला हवा असे माझे ठाम मत आहे. कार्बोरेटर बसवून देणारे अनेक जण सापडतात. तो त्या इंजिनाला, त्या उंचीला आणि त्या पेट्रोलला लावून देणे हाच आमचा खरा व्यवसाय आहे.

ट्युनिंगचा आमचा क्रम ठरलेला आहे. प्रथम इनटेकच्या रबरी जोडातून हवा चोरली जात नाही ना, हे पाहिले जाते, कारण ती गळती असेल तर पुढची सर्व मेहनत वाया जाते. नंतर फ्लोटची उंची, मग कमी थ्रॉटलसाठी पायलट जेट, त्यानंतर मधल्या थ्रॉटलसाठी नीडलची (स्लाइडला लावलेल्या सुईची) क्लिप आणि शेवटी पूर्ण थ्रॉटलसाठी मेन जेट. पूर्वी निर्णय केवळ प्लगच्या रंगावर होत असे. आता आम्ही सायलेन्सरच्या पाइपवर बंग (सेन्सर बसवण्याची आट्यांची कडी) वेल्ड करून हवा-इंधन प्रमाण दाखवणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावतो आणि घाटमाथ्यावरच, ग्राहकाच्या ट्रॅकवर, वाचन घेतो. शुद्ध पेट्रोलच्या मापाने पूर्ण थ्रॉटलवर हवा-इंधन प्रमाण १३च्या आसपास, म्हणजे वजनाने एक भाग पेट्रोलला १३ भाग हवा, ठेवणे आम्हाला सुरक्षित वाटते.

भाड्याने चालणाऱ्या २०० ते २५० सीसीच्या ऑटोमॅटिक क्वाडना मोठ्या व्यासाचा कार्बोरेटर बसवून देण्याचे काम आम्ही स्वीकारत नाही. बोअर मोठा झाला की कमी आरपीएमवर हवेचा वेग घटतो, जेटमधून पेट्रोल ओढण्याचा जोर कमी पडतो आणि चढावर निघताना गाडी गुदमरते. बेल्टच्या या गाड्यांत इंजिन बराच वेळ मधल्या थ्रॉटलवर असते, म्हणून नीडल नीट लावली की मालकाला हवी असलेली चाल मूळ आकाराच्या चांगल्या कार्बोरेटरमधूनच मिळते. त्यावर बसणारे पर्यटक प्रथमच क्वाड चालवत असतात, याचेही भान ठेवावे लागते.

डोंगरातील वापराचे आणखी दोन प्रश्न आमच्यापुढे आले. तीव्र चढउतारावर फ्लोट-चेंबरमधील पेट्रोल एका बाजूला सरकते आणि ओव्हरफ्लो होतो किंवा जेट उघडा पडतो. त्यामुळे फ्लोटची उंची अर्ध्या मिलिमीटरनेही चुकून चालत नाही. ओढा ओलांडताना व्हेंटच्या नळ्यांची टोके पाण्यात बुडाली तर चेंबरला हवा मिळत नाही, पेट्रोलचा प्रवाह थांबतो आणि इंजिन पाण्याच्या मधोमध बंद पडते. महाबळेश्वरच्या पावसात हे वारंवार घडू शकते, म्हणून प्रत्येक नळीला टी जोड देऊन एक फाटा हँडलबारजवळ वर नेणे आम्ही सक्तीचे केले आहे. जांभ्याच्या तांबड्या धुळीसाठी तेल लावलेले फोमचे फिल्टर देतो; ती बारीक धूळ आत गेल्यास स्लाइड घासून निकामी होते.

अलिबाग आणि दापोलीकडूनही आता काम येते. तेथे हवा दाट असल्याने जेट मोठे लागतात, शिवाय खाऱ्या वाऱ्याने पितळी भागांवर हिरवट थर चढतो, म्हणून त्या गाड्यांसाठी हंगाम संपताच फ्लोट-चेंबर रिकामे करून देण्याची व्यवस्था ठेवली आहे. सुटे जेट कोणाकडूनही घेतले तरी प्रत्येक छिद्र पिन-गेजने (अचूक जाडीच्या मापाच्या सुईने) मोजल्याशिवाय आम्ही बसवत नाही, कारण नामांकित शिक्का मारलेल्या बनावट मालात छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष व्यास जुळत नाहीत.

सध्या सर्वाधिक लक्ष २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलकडे द्यावे लागत आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असल्याने तेच जेट ठेवल्यास मिश्रण लीन होते, म्हणजे पेट्रोल कमी पडते. पाचगणीत उंचीमुळे वाढलेले रिचपण यामुळे बरेचसे भरून निघते आणि किनाऱ्यावर मात्र इंजिन तापू लागते. त्यामुळे दोन्ही ठिकाणच्या ग्राहकांचे जुने तक्ते बाजूला ठेवून आम्ही पुन्हा वाचन घेत आहोत. जुन्या कार्बोरेटरमधील रबरी ओ-रिंग आणि इंधनाच्या नळ्या बदलून इथेनॉल सोसणाऱ्या बसवतो. प्रत्येक क्वाडचा तक्ता आता इंजिन क्रमांकानुसार ठेवला जातो आणि त्यात उंची, पेट्रोलचा प्रकार, जेट, नीडलची क्लिप व फ्लोटची उंची यांची नोंद असते, जेणेकरून मालकाने गाडी पाचगणीहून दापोलीला हलवली तर आवश्यक जेट येथूनच मोजून, पाकिटावर आकडे लिहून पाठवता येतात.