घरातली प्रार्थना आणि वाढत्या वयाची मुलं – माझा अनुभव

मुलं लहान असतात तोवर घरातली प्रार्थना काही अवघड नसते, हात जोड म्हटलं की जोडतात, आमेन तर सगळ्यात मोठ्याने म्हणतात. खरी गंमत पुढे सुरू होते. आमचा मुलगा तेरा वर्षांचा आणि मुलगी आठ, आणि दोघांना एका वेळी एका जागी बसवणं हेच मुळात मोठं काम होतं. रात्री झोपायच्या आधी बसायचो तर एक पेंगतेय, दुसऱ्याचं लक्ष मोबाईलमध्ये, नवरा दिवसभराचा दमलेला, मग कसंबसं उरकायचं. शेवटी ठरलं की जेवण झालं की उठायच्या आधीच प्रार्थना, आणि फोन दुसऱ्या खोलीत. मुलाने लगेच अट घातली, बाबांचापण फोन. घातली ते बरंच झालं, कारण सगळ्यात जास्त तोच वाजायचा.

मग वाचायचं काय हा प्रश्न. सासूबाईंना अख्खा अध्याय हवा असायचा आणि मुलांची चुळबूळ चौथ्या ओवीलाच सुरू. म्हणून बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या आयुष्याची हकिगत, घेतलं, चारही शुभवर्तमानांत ते लहान, 16 अध्याय, आणि त्यात सारखं काहीतरी घडत असतं. एका वेळी एकच प्रसंग, बस. पक्षाघाती माणसाला चौघं जण छप्पर उघडून खाली सोडतात तो भाग वाचला तर मुलगी म्हणते, "मग ते छप्पर नंतर नीट कोणी केलं?" सासूबाईंसकट सगळे हसले आणि त्या दिवशी प्रार्थना बाजूला राहून छपरावरच गप्पा झाल्या. मला तेही चालतं. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी या गोष्टी बोला असंच सांगितलंय, रोज ठरावीक वेळ सक्तीने बसा असं काही तिथे नाही.

दटावताना वचनं वापरायची सवय मात्र आमच्या घरात बंद झाली, ती मुलामुळेच. कुणीतरी त्याला बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातलं "आईबापांच्या आज्ञेत राहा" ऐकवलं तर पठ्ठ्याने शांतपणे सहाव्या अध्यायाची चौथी ओवी काढून दाखवली, बापांनी मुलांना चिडीला आणू नये असं लिहिलेली. संडे स्कूलचे पैसे वसूल! नवऱ्याला हसावं की रागवावं तेच कळेना.

पण सगळ्यात कठीण गेलं ते वेगळंच. मुलीच्या वर्गातल्या मैत्रिणीचे वडील खूप आजारी होते, ही रोज न चुकता त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, आणि ते गेले. तिने सरळ विचारलं, देवाने माझं ऐकलंच नाही का? नातेवाइकांनी "देवाची इच्छा" म्हणून समजूत काढायचा प्रयत्न केला, त्यावर ती आणखीनच चिडली आणि प्रार्थनेला बसेनाच. आम्ही पाळकांना, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, विचारलं तर त्यांनी उत्तर काही दिलं नाही, बायबलमधलं 13वं स्तोत्र तिच्यासोबत वाचा एवढंच म्हणाले. सहाच ओव्या आहेत, आणि सुरुवातच तक्रारीने, देवा कुठवर मला विसरणार म्हणून. तिने दोनदा वाचायला लावलं. असं देवाला बोललेलं चालतं? म्हटलं बायबलमध्येच आहे की, आणि 88वं तर सगळं अंधारातच संपतं, शेवटी गोड काहीच नाही.

तेव्हा मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, ताटात बोटाने रेघा ओढत बोलला, "येशूनेपण गेथशेमानेत मागितलं होतं ना, हा प्याला टळू दे म्हणून. टळला कुठे?" पकडलं जाण्याआधी गेथशेमानेच्या बागेत येशूने आपलं दुःख टळावं म्हणून केलेली ती प्रार्थना. मी काही बोलले नाही, त्याच्या बोलण्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच. मुलगी त्यानंतरही बरेच दिवस नुसती बसायची, आम्ही बसू दिलं. आता करते प्रार्थना, पण त्यात भांडणंही असतात, देवाशी. आपल्याकडे काही जणांना हे उद्धटपणाचं वाटतं, मला तरी पाठ केलेल्या गोड वाक्यांपेक्षा हे बरं वाटतं.

मुलाची रविवारची मॅच की चर्चची उपासना, हे भांडण अजून पूर्ण मिटलेलं नाही. सध्या ठरलंय ते असं, मॅच सकाळी असली तर तो संध्याकाळच्या उपासनेला येतो, तीही नसेल तर त्या आठवड्यापुरती सूट, पण पुढच्या रविवारी कुरकुर न करता यायचं. कुरकुर होतेच. कन्फर्मेशनच्या, म्हणजे मोठं झाल्यावर आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीच्या, क्लासला नाव द्यायला मात्र त्याने नाही म्हटलंय, मला अजून खात्री नाही म्हणाला. पाळक म्हणतात घाई करू नका, खोटं हो म्हणण्यापेक्षा खरं नाही चांगलं. मला पटतं, नवऱ्याला अजिबात पटत नाही, बरोबरीची सगळी मुलं करतायत म्हणतो, आणि त्यावरून आमचं दोघांचं अजून चालूच आहे.